वर्कस्टेशन जमेल, पण लॉकरसोबत गळ्यात पडलेल्या पॉलिसीचं काय?

नाशिकहून एका इंटिरिअर डिझायनरचं पत्र आहे. वय ३४, घरूनच काम, वर्षाची बिलं साधारण १४ लाखांची. पती खासगी नोकरीत, मुलगी पाच वर्षांची, डोक्यावर गृहकर्ज. विक्रेत्याने ४.८० लाखांच्या वर्कस्टेशनचं कोटेशन दिलंय: ३२ कोअरचा प्रोसेसर, ईसीसी रॅम, प्रोफेशनल ग्राफिक्स कार्ड. त्या विचारतात, ‘नो-कॉस्ट ईएमआय घेऊ, की बँकेत लॉकर घेताना काढलेल्या पॉलिसीवर दोन लाखांचं कर्ज काढून बाकीची एफडी मोडू? घसारा (मशीनच्या घटत्या किमतीची करातली वजावट) मिळून करही वाचेल. मशीन आलं की कामं दुप्पट होतील.’

आधी मशीन उरकून घेऊ. तुम्ही स्केचअपमध्ये मॉडेल करता आणि व्ही-रेमध्ये रेंडर, म्हणजे खोलीचं खऱ्यासारखं चित्र, काढता. स्केचअपचं मॉडेलिंग मुख्यतः एकाच कोअरवर चालतं, तिथे बाकीचे ३१ नुसते बसून राहणार. व्ही-रे ग्राफिक्स कार्डवर चालवायचं असेल तर भरपूर मेमरीचं जीफोर्स कार्ड तुमच्या फ्लॅट-बंगल्यांच्या कामाला पुरतं. असं मशीन असेंबल करून निम्म्याहून कमी पैशांत व्हायला हवं, दोन ठिकाणची कोटेशनं मागवा. शिवाय सहा तासांचं रेंडर तुम्ही रात्री लावून झोपता, हे तुम्हीच लिहिलंय. ते दीड तासात झालं, तरी किचनचा लॅमिनेट ठरवायला क्लायंट आठ दिवस घेतो ते घेतोच. फरक पडेल तो दिवसा करायच्या दुरुस्त्यांमध्ये. तेवढ्याने कामं दुप्पट होत नाहीत. आणि झालीच, तर २० लाखांपुढे जीएसटी नोंदणी येते. घरमालक क्लायंटला त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, तो तुमच्याशीच घासाघीस करणार.

कराचं म्हणाल तर तुम्ही आयकराच्या ४४एडीए कलमाखाली रिटर्न भरता. बिलांच्या निम्मी रक्कम, म्हणजे ७ लाख, उत्पन्न धरलं जातं आणि घसारा त्यातच आला असं कायदा मानतो. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. शून्यातून आणखी काय वाचवणार?

आता तुम्ही न विचारलेलं, ती लॉकरसोबतची पॉलिसी. वर्षाला १.२० लाख, १२ वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २८ लाख हमखास, आणि ‘८०सीमध्ये कर वाचतो’. तो वाचत नाही, नव्या प्रणालीत ती सवलतच नाही. दोन हप्ते गेलेत, तिसरा पुढच्या महिन्यात. तुम्हाला वाटतं २.४० लाख भरलेत तर दोन लाख कर्ज मिळेल. दोन वर्षांनंतर हमीची सरेंडर रक्कम (पॉलिसी मध्येच सोडली तर मिळणारी) भरलेल्या हप्त्यांच्या सुमारे ३० टक्के असते, म्हणजे ७०-७२ हजार. कर्ज त्याच्या ८०-९० टक्के. साठ हजार धरा!

लॉकरसाठी पॉलिसी सक्तीची होती, असं तुम्ही सहज लिहून गेलात. अशी सक्ती कुठल्याच नियमात नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँक फार तर तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडण्याचा खर्च भागेल एवढी मुदत ठेव मागू शकते. तीस दिवसांत पॉलिसी परत करायची मुदत तुमच्या हातून गेली आहे, पण बँकेकडे आणि विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहेत.

गेलेले पैसे बाजूला ठेवून हिशेब करा. उरलेले १० हप्ते पीपीएफमध्ये टाकले आणि पुढे आठ वर्षं रक्कम तशीच ठेवली (खातं चालू ठेवायला वर्षाला ५०० रुपये भरून), तर आजच्या ७.१ टक्क्यांनी सुमारे ३१ लाख होतात. सरेंडरचे ७० हजार वर्षाच्या दीड लाखाच्या मर्यादेत बसवून दोन-तीन वर्षांत त्यात घातले तर ३३ च्या वर. दर बदलतो, मान्य. पण पॉलिसीचे २८ लाख ‘हमखास’ आहेत म्हणून जास्त होत नाहीत.

आणि ही पॉलिसी विमा म्हणून तरी धड आहे का? कव्हर १२ लाख. गृहकर्ज आणि पाच वर्षांची मुलगी, बारा लाखांत काय होतं? तुमच्या वयाला एक कोटीचा टर्म प्लॅन (निव्वळ विमा, मुदत संपल्यावर परतावा नाही) वर्षाला साधारण १२-१५ हजारांत मिळतो. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. हा सगळ्यात आधी. जुनी पॉलिसी टर्म मंजूर झाल्यावरच सोडायची.

तोवर कंपनीला ईमेल करून तीन आकडे लेखी मागा: आजची विशेष सरेंडर रक्कम (हमीच्या रकमेशिवाय कंपनी वेगळी काढते ती), तिसरा हप्ता भरला तर होणारी, आणि हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केली तर शेवटी मिळणारी. हप्त्याचं ऑटो-डेबिट बंद करा. हप्त्याला सवलतीचे दिवस असतात, तेवढ्यात उत्तर यायला हवं. सरेंडर ठरलं की त्या हप्त्याचे १.२० लाख आणि एफडीतले थोडे, एवढ्यात छोटं मशीन रोखीने येईल (पीपीएफचे हप्ते मग पुढच्या वर्षापासून). ईएमआय नको. ‘नो-कॉस्ट’मध्ये रोखीची सूट जाते आणि प्रोसेसिंग फी वर लागते.

तीन आकडे आले की पाठवा, मग मशीनची कोटेशनं बघू.