'कॅन्डलमास' म्हणजे काय आणि तो २ फेब्रुवारीलाच का?

कॅन्डलमास हा बाळ येशूला मंदिरात नेल्याच्या आठवणीचा ख्रिस्ती सण. नावातला 'मास' म्हणजे महिना का, असा प्रश्न पडतो. नाही, हा ख्रिसमसमधलाच 'मास', म्हणजे मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना). मेणबत्त्यांची मिस्सा ती कॅन्डलमास. स्पॅनिश 'कांदेलारिया' आणि फ्रेंच 'शांदलर' ही नावंही मेणबत्तीवरूनच पडली.

तारीख मात्र ठरली बाळंतिणीवरून. आपल्याकडे सव्वा महिना पाळतात, तसा यहुदी नियमशास्त्रात (बायबलमधलं 'लेवीय' पुस्तक, अध्याय १२) मुलगा झाल्यास ७ आणि ३३ मिळून ४० दिवसांचा विटाळ होता. मुलगी झाल्यास दुप्पट. तो संपला की मंदिरात एक कोकरू आणि एक पक्षी अर्पण करायचा. ऐपत नसेल तर होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं चालत. लूकच्या शुभवर्तमानात मरीया आणि योसेफ यांच्या संदर्भात कोकराचा उल्लेखच नाही, फक्त पक्ष्यांचा आहे. येशूचं घर गरीब होतं हे इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठे कळत नाही.

मोजताना बरेच जण २५ डिसेंबरमध्ये ४० मिळवतात आणि ३ फेब्रुवारीवर पोचतात. जन्माचा दिवस पहिला धरायचा: डिसेंबरचे ७, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २. चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये येशूचा जन्म ६ जानेवारीला साजरा होई आणि ही मोजणीही तेव्हापासून व्हायची, म्हणून सण १४ फेब्रुवारीला येई. आर्मेनियन चर्च आजही तीच तारीख पाळतं.

हा सण रोमन लोकांच्या लुपर्कालिया या जुन्या सणावरून उचलला, असं इंटरनेटवर बिनदिक्कत लिहिलेलं असतं. ते पटण्यासारखं नाही. लुपर्कालिया रोमचा, १५ फेब्रुवारीचा. हा सण आधी दिसतो तो जेरुसलेमला. रोममध्ये या दिवशीची मिरवणूक पोप पहिले सर्जियस (६८७–७०१) यांनी घालून दिली आणि मेणबत्त्यांना आशीर्वाद देण्याची प्रथा तर त्याहून नंतरची.

मेणबत्तीच का, तर लूकच्या त्याच कथेत मंदिरात म्हाताऱ्या शिमोनाने बाळ येशूला हातात घेऊन 'राष्ट्रांसाठी उजेड' म्हटलं म्हणून. आज कॅथलिक विधीत लोक मुख्य चर्चच्या बाहेर किंवा दुसऱ्या एखाद्या ठिकाणी जमतात, मेणबत्त्या पेटवतात, धर्मगुरू प्रार्थना करून त्यांवर पवित्र पाणी शिंपडतात आणि सगळे गात आत जातात. उरलेली मेणबत्ती घरी जपून ठेवतात. युरोपात वादळात किंवा मरणासन्न माणसाच्या उशाशी ती लावायची रीत होती.

रोमन कॅथलिक कॅलेंडरमध्ये १९६९ च्या फेररचनेपर्यंत सणाचं नाव 'मरीयेचं शुद्धीकरण' होतं. त्यानंतर ते 'प्रभूचं समर्पण' झालं. कॅलेंडरमध्ये 'कॅन्डलमास' सापडत नसेल तर २ फेब्रुवारीला हेच नाव शोधा.