वाचकांचे प्रश्न : मोठे वेब ॲप्लिकेशन बांधायला शिकताना

प्रश्न : संपादक महोदय, स. न. वि. वि. मी खानापूर तालुक्यातील एका गावातून रोज बसने बेळगावला ये-जा करते आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी आणि माझ्या मैत्रिणीने गावच्या दूध संस्थेसाठी सकाळ-संध्याकाळच्या संकलनाची नोंद ठेवणारे आणि दर दहा दिवसांचे बिल काढणारे वेब ॲप्लिकेशन तयार केले आहे. ते एका संस्थेत व्यवस्थित चालते आणि आता शेजारच्या गावांतूनही विचारणा होऊ लागली आहे. उद्या शंभर संस्था आल्या तर ते टिकेल काय? वर्गातील मुले सांगतात की, आधी मायक्रोसर्व्हिसेस (एक ॲप्लिकेशन अनेक छोट्या स्वतंत्र सेवांत तोडणे), कुबरनेटिस (अशा सेवा अनेक सर्व्हरवर चालवणारे साधन) आणि काफ्का (सेवांमधील निरोपांची देवाणघेवाण सांभाळणारे साधन) शिका, त्याशिवाय मोठे ॲप्लिकेशन होत नाही. आम्ही सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात आकडेमोडीने करा, आणि तीही कागदावर. एका संस्थेला सरासरी ३०० सभासद दूध घालतात असे धरले, तर शंभर संस्थांच्या सकाळच्या नोंदी ३०,००० होतात. संकलन दीड तास चालते असे मानले, तर या नोंदी ५,४०० सेकंदांत येतात, म्हणजे सेकंदाला सहासुद्धा नाहीत. गर्दीच्या काही मिनिटांत हा वेग पाचपट झाला तरी तो तिसाच्या आत राहतो. साध्या भाड्याच्या सर्व्हरवर चालणारा पोस्टग्रेस या मोफत सॉफ्टवेअरचा डेटाबेस अशा लहान नोंदी सेकंदाला शेकड्याने सहज घेतो. तेव्हा शंभर संस्था हा शब्द ऐकून जी धास्ती वाटते, ती या हिशेबापुढे बरीच कमी व्हावी. २०१२ साली फेसबुकने इन्स्टाग्राम विकत घेतले तेव्हा त्या कंपनीत अवघे १३ लोक काम करत होते आणि वापरणारे सुमारे तीन कोटी होते. त्यांचा मुख्य डेटाबेसही पोस्टग्रेसच होता. मोठ्या कंपनीची आजची रचना पाहून आपले घर बांधायला घेण्यापेक्षा, ती कंपनी लहान असताना तिने काय केले हे पाहणे शिकणाऱ्याला अधिक उपयोगाचे आहे.

मग तुमचे ॲप्लिकेशन अडेल कोठे? माझ्या मते, पहिल्यांदा ते बिल काढताना अडेल. शंभर संस्था, ३०० सभासद आणि दिवसाला दोन वेळा या हिशेबाने वर्षाला २ कोटी १९ लाख नोंदी एकाच तक्त्यात साठतात. एका सभासदाच्या दहा दिवसांच्या बिलासाठी त्यांतल्या फक्त वीस नोंदी लागतात. योग्य इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागील सूचीसारखी शोधयादी, नसेल तर या वीस नोंदींसाठी डेटाबेस सव्वादोन कोटींच्या आसपास ओळी वाचून काढतो. संस्था, सभासद आणि तारीख या तीन रकान्यांवर, याच क्रमाने, एक संयुक्त इंडेक्स केला तर तेच उत्तर तीन-चार पायऱ्या उतरून काही मिलिसेकंदांत मिळते. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. ज्या रकान्यांची किंमत नेमकी ठाऊक असते, म्हणजे संस्था आणि सभासद, ते आधी यावेत आणि ज्याची ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मर्यादा असते तो रकाना शेवटी यावा. तारीख पहिली ठेवली तर त्या दहा दिवसांतील सर्व संस्थांच्या सहा लाख इंडेक्स-नोंदी चाळाव्या लागतात आणि इंडेक्स असूनही त्याचा लाभ फारसा होत नाही. त्याचबरोबर दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स करत सुटू नका, कारण प्रत्येक नवी नोंद लिहिताना प्रत्येक इंडेक्सही अद्ययावत करावा लागतो.

हे वाचून पटेल, परंतु हाताने केल्याशिवाय अंगवळणी पडणार नाही. पोस्टग्रेसमध्ये ‘जनरेट सिरीज’ नावाचे फंक्शन आहे. त्याच्या साहाय्याने आपल्या लॅपटॉपवरच दोन कोटी खोट्या नोंदी भरा. काही जीबी जागा लागेल, इतकेच. मग बिलाच्या क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, आधी ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ लिहून ती चालवा. डेटाबेसने कोणता मार्ग धरला, किती ओळी वाचल्या, किती फेकून दिल्या आणि किती वेळ लागला, हे तो ओळीने सांगतो. ‘सीक्वेन्शियल स्कॅन’ असे दिसले की समजावे, संपूर्ण तक्ता वाचला जात आहे. इंडेक्स करून पुन्हा चालवा आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून वाचा. माझे ठाम मत आहे की, पाच नव्या साधनांची तोंडओळख करून घेण्यापेक्षा हे एक उत्तर वाचता येणे तुम्हाला अधिक पुढे नेईल.

दुसरी अडचण कोडमध्ये दडलेली असते. सभासदांची यादी एका क्वेरीने आणायची आणि मग प्रत्येकाची बाकी वेगळ्या क्वेरीने विचारायची, ही सवय बहुतेक नवशिक्यांना असते, कारण ओआरएमच्या, म्हणजे कोडमधून आपल्या वतीने क्वेऱ्या लिहिणाऱ्या साधनाच्या, लूपमध्ये ती दिसतच नाही. ३०० सभासदांसाठी ३०१ क्वेऱ्या होतात. डेटाबेस त्याच यंत्रावर असेल तर हे खपून जाते. परंतु विद्यार्थी पुष्कळदा मोफत मिळतो म्हणून अमेरिकेतील डेटाबेस घेतात आणि ॲप्लिकेशन मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये ठेवतात. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. त्यामुळे मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊन परत यायला प्रत्यक्षात सुमारे २०० मिलिसेकंद लागतात, आणि कितीही महागडा सर्व्हर घेतला तरी हे अंतर कमी होत नाही. ३०१ फेऱ्यांचा एक मिनिट झाला. तेव्हा डेटाबेस आणि ॲप्लिकेशन एकाच डेटा सेंटरमध्ये ठेवा आणि यादीसह बाकी एकाच क्वेरीत आणा.

आता भाराविषयी. के-सिक्स किंवा जेमीटर ही भाराची चाचणी घेणारी साधने मोफत आहेत. त्यांच्याकडून आपल्या चाचणीच्या सर्व्हरवर हळूहळू भार वाढवत न्या, आणि तो कोलमडेपर्यंत थांबू नका. मोजताना सरासरीवर विसंबू नये. सर्व्हरकडे आलेल्या शंभर मागण्यांपैकी, म्हणजे विनंत्यांपैकी, ९५ विनंत्यांना ५० मिलिसेकंद आणि पाचांना चार सेकंद लागले, तर सरासरी २४७.५ मिलिसेकंद येते, पण असा अनुभव त्या शंभरांपैकी एकालाही आलेला नसतो. म्हणून ९५ आणि ९९ टक्के विनंत्या किती वेळात पुऱ्या झाल्या, ते पाहा.

कोलमडणे एकाएकी का होते, हेही समजून घ्या. डेअरीच्या काट्यावर एकेकाचे माप दहा सेकंदांत होत असेल तोवर रांग दिसतही नाही, पण फॅट मशीन अडखळले आणि येणारी माणसे तितक्याच वेगाने येत राहिली की रांग रस्त्यावर जाते. एका वेळी आत असलेल्या विनंत्या म्हणजे सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ, असा हा साधा नियम आहे. सेकंदाला २०० विनंत्या आणि प्रत्येकीला ५० मिलिसेकंद असतील तर कोणत्याही क्षणी दहाच आत असतात. एखादी क्वेरी बिघडून तोच वेळ दोन सेकंद झाला, तर ४०० आत अडकतात. पोस्टग्रेसमध्ये मूळ सेटिंगनुसार एका वेळी १०० जोडण्यांचीच मर्यादा असते. उरलेल्या विनंत्या ताटकळतात, वापरणारे वैतागून पुन्हा पुन्हा बटण दाबतात आणि भार आणखी वाढतो. म्हणून जोडण्यांचा पूल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या मोजक्या उघड्या जोडण्या, ठेवा, प्रत्येक बाहेरच्या कामाला वेळेची मर्यादा घाला आणि मुळात ती संथ क्वेरी शोधा, कारण सर्व्हर दुप्पट करून ती वेगवान होत नाही.

तुमच्या भागाला विशेष लागू पडणारी एक गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात नेटवर्क जाते-येते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. संस्थेच्या सचिवांनी नोंद पाठवली, सर्व्हरने ती लिहून घेतली, पण ‘मिळाली’ हा निरोप परत येताना वाटेतच जोडणी तुटली, तर मोबाइल तीच नोंद पुन्हा पाठवतो. त्या सभासदाच्या नावावर सकाळचे दूध दोनदा चढते, आणि ही चूक बिलात म्हणजे पैशांत उतरते. यावर उपाय असा की, नोंद करतानाच मोबाइलवर तिला एक अनन्य क्रमांक द्यावा, पुन्हा पाठवताना तोच क्रमांक पाठवावा आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर ‘युनिक’, म्हणजे तोच क्रमांक दोनदा नको, अशी अट घालावी. दुसऱ्यांदा आलेली नोंद डेटाबेस स्वतःच नाकारेल, आणि सर्व्हरने त्या वेळी त्रुटी न दाखवता ‘आधीच मिळाली आहे’ असे कळवावे. ही तपासणी केवळ कोडमध्ये ‘आधी शोध, नसेल तर लिही’ अशी करू नका, कारण दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही ती नोंद सापडत नाही आणि दोघीही लिहितात.

सभासदाला जाणारा एसएमएसही नोंद लिहिण्याच्या त्याच विनंतीत पाठवू नये. एसएमएस कंपनीचा सर्व्हर संथ झाला की तुमचे संकलन थांबेल. नोंद लिहा, एसएमएसचे काम एका रांगेत टाका आणि वेगळ्या प्रक्रियेकडून ती रांग उपसा. ही रांग सुरुवातीला डेटाबेसमधील एक साधा तक्ता असला तरी चालते.

एवढे झाल्यावर पुढच्या पायऱ्या क्रमाने येतात. दरपत्रक क्वचित बदलते, म्हणून ते मेमरीत ठेवता येते, मात्र दर बदलताच जुनी प्रत काढून टाकली पाहिजे. लॉगिनची माहिती एकाच सर्व्हरच्या मेमरीत न ठेवता डेटाबेसमध्ये किंवा रेडिस या मेमरीतल्या वेगवान साठ्यात ठेवली, तर लोड बॅलन्सरच्या, म्हणजे विनंत्या वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या, मागे दोन-तीन सर्व्हर उभे करता येतात. अहवालांसाठी डेटाबेसची केवळ वाचण्यापुरती प्रत वेगळी ठेवता येते, पण ती मूळ डेटाबेसच्या किंचित मागे असू शकते, तेव्हा आत्ताच लिहिलेली नोंद तेथे शोधू नये. फारच वाढ झाली तर संस्थावार डेटाबेस विभागता येईल. तुमचे भाग्य असे की, एका संस्थेचा हिशेब दुसरीत मिसळत नाही, त्यामुळे विभागणीची रेघ आधीच आखलेली आहे.

वर्गातील मुलांनी सांगितलेली साधने खोटी नाहीत. काफ्का लिंक्डइनमध्ये जन्मली आणि २०११ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. कुबरनेटिस गूगलने २०१४ मध्ये जाहीर केले. शेकडो सेवा आणि अनेक स्वतंत्र चमू असलेल्या ठिकाणी त्यांची गरज पडते. दोघींच्या चमूने एक ॲप्लिकेशन सहा सेवांत तोडले, तर आतापर्यंत एकाच प्रक्रियेत होणारे फंक्शन कॉल नेटवर्कवरून जाऊ लागतात आणि त्यांतला प्रत्येक अर्ध्यात तुटू शकतो. त्यापेक्षा या महिन्यात रोजचा बॅकअप सुरू करा आणि तो दुसऱ्या यंत्रावर खरोखर उघडून पाहा. शेतकऱ्यांच्या पैशांचा हिशेब तुमच्या हाती आहे, त्यामुळे हे काम मी सर्वांत आधी धरतो.

प्रश्न : आमच्या निपाणीच्या पतसंस्थेत सभासदांची नावे कोणी मराठीत, कोणी कन्नडमध्ये लिहून देतात. संगणकावर ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव शोधले तर काही खाती सापडतात, काही सापडत नाहीत, जरी पडद्यावर अक्षरे अगदी सारखी दिसतात. सभासद वाढतील तसा हा त्रास वाढेल अशी भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे. पडद्यावर सारखा दिसणारा ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, निरनिराळ्या मार्गांनी लिहिला जातो. कोणाचा कीबोर्ड नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त वापरतो, तर कोणाचा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे झिरो-विड्थ-जॉइनर नावाचे न दिसणारे चिन्ह घालतो. संगणकाच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावे आहेत. ‘ऱ’ हाही एकसंध किंवा ‘र’ आणि नुक्ता असा सुटा येऊ शकतो. यांपैकी एकसंध-सुट्याचा फरक एनएफसी या, सुटी अक्षरे एका ठरावीक रूपात आणणाऱ्या, प्रमाणीकरणाने मिटतो, जॉइनरचा मात्र मिटत नाही. त्यासाठी आपला नियम आपणच लिहावा लागतो. मूळ नाव सभासदाने दिले तसेच ठेवा आणि शोधासाठी दुसरा रकाना करून त्यात एकाच रूपात आणलेले नाव साठवा. शोधताना टाइप केलेल्या शब्दालाही तोच नियम लावा. कन्नड आणि मराठी रूपे एकमेकांत यंत्राने बदलून जुळवण्याच्या फंदात पडू नका. दोन्ही वेगळ्या रकान्यांत ठेवा आणि ओळख नावावर न ठेवता सभासद क्रमांकावर ठेवा. मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरत असाल तर ‘यूटीएफएटएमबीफोर’ (utf8mb4) हीच अक्षरसंहिता निवडा. २०१८ मधील ८.० आवृत्तीपासून ती आपोआप लागू होते, जुन्या तक्त्यांना मात्र हाताने लावावी लागते.

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत संगणक विभाग सांभाळतो. मोठी ॲप्लिकेशन्स शिकण्यासाठी बेंगळुरू किंवा पुण्याला जाणे अपरिहार्य आहे काय?

उत्तर : पाया घालण्यासाठी नाही. वर सांगितलेले सर्व प्रयोग आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर होतात आणि पोस्टग्रेसची संपूर्ण माहितीपुस्तिका विनामूल्य वाचता येते. ती इंग्रजीत आहे, परंतु तिची भाषा सरळ आहे. रोज दोन पाने वाचून त्यातील उदाहरण चालवून पाहिले, तर अडत नाही. मात्र लाखो माणसे एकाच वेळी वापरत असलेली यंत्रणा मध्यरात्री बंद पडते, तेव्हा काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने पाहायचे, हा अनुभव जेथे तशी यंत्रणा आहे तेथेच मिळतो, आणि तो घ्यायचा असेल तर काही वर्षे बाहेर जावे किंवा घरून काम देणारी तशी नोकरी शोधावी. दरम्यान तुमच्या फाउंड्रीतील भट्ट्यांच्या तापमानाच्या नोंदी कोठे साठतात ते पाहा. एका भट्टीवरून दर सेकंदाला एक नोंद आली तरी दिवसाला ८६,४०० होतात, आणि दहा भट्ट्यांच्या वर्षाच्या नोंदी ३१ कोटींच्या वर जातात. तक्ता महिनावार कसा विभागावा, जुन्या नोंदींची तासागणिक सरासरी करून त्या केव्हा हलवाव्यात आणि मालकांना हवा तो आलेख दोन सेकंदांत कसा दाखवावा, हे प्रश्न तुमच्या टेबलावरच आहेत. पहिल्या भट्टीपासून सुरुवात करा आणि अडेल तेथे पुन्हा लिहा.