सायकलस्वारांचे प्रश्न : भार हातावर नको

प्रश्न : ताई, बरीच वर्षं एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक चालवली. हिप्परग्याच्या तलावाकडच्या कच्च्या वाटा, शेताचे बांध, सगळं तिच्यावरच. आता मित्राची जुनी रोड बाईक घेतलीय, टायर २५ मिलिमीटर रुंदीचे. पुढचं चाक सारखं डुलतं, करंगळ्या बधिर होतात आणि तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक पुरेसा लागत नाही. सायकल माझ्या मापाची नाही का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : माप आधी बघाच. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. ते ताठ होत असेल तर हँडल लांब पडतंय. आखूड स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा, बसवून घ्या. पण तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, त्रासाचं मूळ हातांत आहे.

एमटीबीचं हँडल सत्तर सेंटीमीटरच्या पुढे रुंद असतं, रोड बाईकचं साधारण बेचाळीस. दगडगोट्यांतून चाक काढायला तिथे दंडाची ताकद लावावी लागते. इथे हँडल अरुंद, त्यामुळे हात थोडा हलला तरी चाक जास्त वळतं. मग तुम्ही हँडल आणखी घट्ट धरता आणि ते आणखी डुलतं. पोट आवळा, कंबरेतून वाका, खांदे सोडा. बोटं मुठीवर नुसती टेकलेली असावीत. नजर चाकापुढच्या डांबरावर नको, पुष्कळ लांब ठेवा. करंगळीचं कारणही हेच. तळहाताच्या त्या कडेने जाणारी नस दाबली जाते. दर थोड्या वेळाने पकड बदला : वरचा आडवा दांडा, मुठी, खालचा वाकडा भाग.

हा खालचा भाग बहुतेक नवे लोक वापरतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. घाटाची भीती तिथेच कमी होते. मुठीवरून ब्रेक ओढताना बोटं लिव्हरच्या बिजागरीजवळ पडतात, त्यामुळे जोर कमी मिळतो. खालून धरलं की लिव्हरचं टोक हाती येतं आणि दोन बोटांत काम होतं. उतार सुरू होण्याआधीच हात खाली न्या. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही.

हवेचं थोडक्यात. एमटीबीत तीसेक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) चालते, इथे तुमच्या वजनाप्रमाणे ऐंशीच्या आसपास लागेल. कमी भरलीत तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिरडून दोन भोकं पडतात. जास्त भरलीत तर हात आणखी बधिर होतील. फ्रेममध्ये २८चं टायर बसत असेल तर आपल्या रस्त्यांसाठी तेच घ्या. बाभळीच्या काट्याने पंक्चर झालं तर नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून जपून चाचपा. मोडलेलं टोक बरेचदा तिथेच राहतं.

गळीत हंगामात ट्रॉल्यांतून पडलेला ऊस रस्त्यावर चिरडलेला असतो. त्यावर ब्रेक मारू नका, वळू नका, सरळ निघून जा. एमटीबीच्या रुंद टायरवर जे खपतं, ते इथे खपत नाही.

घाटात पुन्हा जाण्याआधी पहाटे मोकळ्या, सपाट रस्त्यावर खालची पकड आणि ब्रेक घटवून घ्या. आणि सायकलवरून उतरल्यावरही करंगळी बराच वेळ बधिर राहत असेल, तर माझ्या उत्तरावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.