एबीआय १.४५ म्हणजे ‘उत्तम’ नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, मधुमेह १५ वर्षांचा, चालताना उजवी पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं. शिबिरातल्या रिपोर्टवर एबीआय (घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब) उजवीकडे १.४५, डावीकडे १.४२ आणि पुढे शेरा ‘उत्तम’. मानेच्या डॉपलरमध्ये (रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) मात्र ‘प्लाक १.८ मिमी’, म्हणजे धमनीच्या भिंतीवर आतून साचलेला थर, म्हणून तुम्हाला मानेची धास्ती. माझ्या मते आधी पायाकडे बघा.

निरोगी माणूस आडवा झोपला असताना घोट्याचा सिस्टोलिक (रक्तदाबातला वरचा) आकडा दंडापेक्षा साधारण १० ते १५ नं जास्त भरतो (दाबाचे सगळे आकडे मिमी पाऱ्यात). म्हणून एबीआय १.०० ते १.४० ठीक धरतात, ०.९१ ते ०.९९ काठावरचं, आणि ०.९० किंवा त्याखाली असेल तर पायाच्या धमनीत अडथळा. वडिलांचा दंडाचा दाब १४६ आणि उजव्या घोट्याचा २१२ लिहिलाय. हा ६६ चा फरक रक्त जोरात वाहतंय म्हणून आलेला नाही. जुन्या मधुमेहात आणि किडनीच्या आजारात धमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचतं, नळी कडक होते आणि दाब मोजायचा पट्टा फुगवला तरी दबत नाही. रबरी पाइपवर पाय दिला की पाणी थांबतं. लोखंडी नळ दाबून थांबत नाही. पण म्हणून त्यात पाणी भरपूर आहे असं नाही, तो आतून गंजून निम्मा बुजलेलाही असेल. वाईट भाग असा की अडथळा आणि कडकपणा एकत्र असले तर आकडा १.१ सुद्धा येतो, आणि मग कुणी वळूनही बघत नाही.

पुढची तपासणी म्हणजे टीबीआय, पायाच्या अंगठ्याचा दाब भागिले दंडाचा दाब. अंगठ्याच्या बारीक धमन्या या कडकपणातून बहुधा वाचतात. अंगठ्याला छोटा पट्टा, पुढे प्रकाशाचा सेन्सर. टीबीआय ०.७० किंवा कमी आला तर अडथळा नक्की धरा. अंगठ्याचा दाब ३० च्या खाली असेल तर पाय धोक्यात आहे. एसीच्या गार खोलीत बोटं आकसतात आणि आकडा खोटा कमी येतो, तेव्हा पाय आधी पांघरुणात गरम होऊ द्या.

त्यासोबत दोन्ही पायांचा डॉपलर करा, पण चिठ्ठीवर ‘आर्टेरियल’ शब्द लिहून घ्या. नुसतं ‘लोअर लिम्ब डॉपलर’ लिहिलं की पुष्कळदा शिरांचा, म्हणजे व्हेरिकोज आणि गुठळीचा तपास होतो आणि पैसे वाया जातात. रिपोर्टात लहरीचा आकार बघा: ट्रायफेजिक (तीन टप्प्यांची) चांगली, मोनोफेजिक (एकाच टप्प्याची), बसकी लहर म्हणजे वर कुठेतरी अडथळा. एखाद्या जागी रक्ताचा वेग आधीच्या भागाच्या दुपटीहून जास्त असेल तर तिथे निम्म्याहून अधिक अरुंदपणा.

एबीआय पुन्हा करायचाच तर चार पट्ट्यांच्या स्वयंचलित यंत्रापेक्षा हातातल्या ८ मेगाहर्ट्झच्या डॉपलर पेननं करा. दाब फार कमी असेल तिथे यंत्र तो जास्त दाखवतं. आधी दोन तास धूम्रपान नाही, ५ ते १० मिनिटं आडवं. पेन जेल लावून ४५ ते ६० अंशांत धरायचं, आवाज बंद झाल्यावर आणखी २० नं फुगवायचं आणि सेकंदाला सुमारे २ नं हवा सोडायची. घोट्यावर दोन धमन्या मोजतात, पावलावरची आणि घोट्यामागची. त्यातला मोठा आकडा भागिले दोन दंडांतला मोठा आकडा. समजा दंड १३८ आणि १४६, घोट्यावर ८८ आणि १०४. उत्तर १०४ भागिले १४६, म्हणजे ०.७१. चुकून १३८ नं भागलं तर ०.७५. काठावरच्या रुग्णात एवढ्या चुकीनं निदान बदलतं.

आता मान. १.५ मिमीहून जाड थर प्लाकच, त्यामुळे १.८ खोटा नाही. पण तिथे रक्ताचा वेग सेकंदाला ९५ सेंमी आहे. १२५ च्या खाली अरुंदपणा ५० टक्क्यांहून कमी मानतात, ७० टक्के म्हणायला २३० ओलांडावे लागतात. याचं ऑपरेशन नसतं. अर्थ इतकाच की आजार सुरू झालाय. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), दाब आणि साखरेबद्दल डॉक्टरांशी नीट बोला. पुढच्या वेळी वेग वाढलेला दिसला तर आधी कोन (डॉपलरची लहर आणि रक्ताची दिशा यांमधला) विचारा. ६० अंशांच्या जागी ६५ लावला तर ११० चे १३० होतात आणि रिपोर्ट एक पायरी चढतो. लक्षणं नसलेल्या सरसकट सगळ्यांची मान तपासू नका, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानं २०२१ मध्येही सांगितलंय, त्यामुळे दरवर्षीचं पॅकेज घेऊ नका.

वडिलांनी कधीकाळी विडी-सिगारेट ओढली असेल (एकूण १०० पुरे) तर ६५ नंतर एकदा पोटातल्या महाधमनीची सोनोग्राफी मात्र करा. तिची रुंदी ३ सेंमी किंवा जास्त म्हणजे फुगा. नुसती तंबाखू-चुना खाणारे या निकषात बसत नाहीत. उपाशी पोट फक्त या तपासणीला लागतं. मान आणि पायाच्या डॉपलरसाठी इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला उपाशी बसवू नका, साखर उतरते.

तोवर पोटरी दुखते म्हणून घट्ट मोजे घालू नका. ते शिरांच्या आजारासाठी असतात, इथे उलट रक्त अडवतील. गरम पिशवीचा शेकही नको, मधुमेहात पाय बधिर असतो आणि भाजलेलं कळत नाही. रात्री पडल्यापडल्या पाऊल दुखणं, न भरणारी जखम किंवा काळं पडलेलं बोट दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन गाठा. पाय अचानक गार आणि पांढरा पडला तर हातात काही तासच असतात, थेट इमर्जन्सीत न्या.