ट्रस्टच्या हॉस्पिटलने डिस्चार्ज अडवला, तर वकिलाने आधी काय करावं?

प्रश्न : मी गेल्या वर्षी सनद घेतली. माझ्या पक्षकार बाई धुण्याभांड्याची कामं करतात. त्यांच्या नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलने ४० हजार डिपॉझिट घेऊनच दाखल केलं. घरच्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला वर्षाला ९६ हजारांचा आहे. आता २ लाख १० हजारांचं बिल भरल्याशिवाय सोडत नाहीत. "गरीब रुग्णाचा फॉर्म दाखल होतानाच भरायला हवा होता," म्हणतात. कॉलेजात यातलं काहीच शिकवलं नव्हतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी पेशंट घरी आणा, बाकीचं भांडण नंतर. घरी सोडायला हरकत नाही असं डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलंय ना, ते पाहा. मग बाईंच्या सहीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. बिलाची वसुली दिवाणी कोर्टात करता येते, त्यासाठी माणूस अडकवून ठेवता येत नाही. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली अन्यायाने डांबून ठेवण्याचा गुन्हा होतो. अर्जाची एक प्रत पोलीस ठाण्यात द्या.

इथे एक सापळा असतो. सोडताना बाईंकडून पुढच्या तारखांचे चेक मागतील. ते मुळीच देऊ देऊ नका. चेक वटला नाही की परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ची फौजदारी केस बाईंवरच येईल. हमीपत्रावर सही करावीच लागली, तर "हरकत कायम ठेवून" असं वर लिहायला लावा.

आता गरीब रुग्णांसाठीच्या योजनेचं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना, दोन्ही मुळातून वाचा. धर्मादाय हॉस्पिटलने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, शिवाय एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. निर्धनासाठी उत्पन्नाची मर्यादा सध्या १ लाख ८० हजार आहे, म्हणजे तुमचे पक्षकार सरळ मोफत उपचारात बसतात. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटशिवाय ताबडतोब दाखल करून घ्यायचं, हे याच योजनेत आहे. मग छातीत कळ आलेल्या माणसाच्या बायकोने आधी फॉर्म भरायला हवा होता, हे म्हणणं टिकणार कसं? ट्रस्टवर देखरेख ठेवणाऱ्या सहधर्मादाय आयुक्तांकडच्या तक्रारीत नेमका हाच मुद्दा पहिला घ्या. त्या दिवशी राखीव खाटा किती रिकाम्या होत्या आणि निधीत शिल्लक किती होती, हेही लेखी मागा.

डिपॉझिट परत मिळवायला आणि भरपाईला जिल्हा ग्राहक आयोग आहे. "मोफतचा पेशंट ग्राहक नसतो," असं समोरचे वकील म्हणतील, म्हणून व्ही. पी. शांता खटल्याचा १९९५चा निकाल हाताशी ठेवा. जिथे इतरांकडून पैसे घेतले जातात, तिथे फुकट उपचार घेणाराही ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केलंय. तुमच्या बाईंनी तर रोख पैसे मोजलेत. मुदत दोन वर्षांची आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही.

तुमच्या फीची चिंता बाईंवर टाकू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा प्राधिकरणाच्या पॅनेलवर साधारणपणे तीन वर्षांच्या वकिलीनंतरच घेतात, तेव्हा नाव नोंदवा. हे काम तिथेच शिकायला मिळतं.

आज मात्र केसपेपरच्या प्रतींसाठी लेखी अर्ज कराच. मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि त्या हातात आल्याशिवाय तक्रारीचा मसुदा लिहायला बसू नका.