व्यायामाचे प्रश्न : सहा दिवस जिम, तरी वजन अडलेलंच

प्रश्न : वय 38, घोडबंदर रोड, ठाणे. आठ महिने झाले, आठवड्याचे सहा दिवस पहाटे साडेपाचला जिम. सोमवारी छाती, मंगळवारी खांदे, बुधवारी ट्रायसेप्स (दंडाची मागची बाजू), गुरुवारी पाठ, शुक्रवारी बायसेप्स (दंडाची पुढची बाजू), शनिवारी पाय. मग आठची लोकल, रात्री नऊला घरी, झोपायला बारा. बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलणं) दोन महिने 50 किलोवर अडलाय आणि उजवा खांदा पुढून दुखतो. ट्रेनर म्हणतात, सेट, म्हणजे व्यायामाच्या फेऱ्या, वाढवा. वाढवू का?

उत्तर : नका वाढवू. आधी तुमचे सोमवार ते बुधवार बघा. बेंच मारताना छातीबरोबर खांद्याचा पुढचा भाग आणि ट्रायसेप्सही राबतात. मंगळवारी शोल्डर प्रेसला, म्हणजे वजन डोक्यावर ढकलताना, पुन्हा तेच दोघे. बुधवारी डिप्स (समांतर दांड्यांवर अंग खाली-वर करणं) असतील तर छातीसकट सगळे परत. कागदावर तीन वेगळे स्नायू दिसतात, सांध्याला मात्र सलग तीन दिवस तोच भार. भारी व्यायामानंतर स्नायूंची डागडुजी साधारण 24 ते 48 तास चालते. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे पट्टे, त्याहून सावकाश बळकट होतात. त्यांना महिने लागतात. हात वजन उचलायला तयार झाले, खांदा अजून झालेला नाही.

दुसरं, झोप. बारा ते पाच म्हणजे पाच तास. प्रौढ माणसाला निदान सात लागतात, आणि ही तूट कुठल्याही पावडरीने भरून निघत नाही.

पहिल्या आठवड्यात बेंच, शोल्डर प्रेस आणि डिप्स पूर्ण बंद. बाकीचे व्यायाम त्याच वजनाने, पण निम्मे सेट. दुखणं ओसरलं की जिम फक्त सोमवार, बुधवार, शनिवार. एका दिवशी स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठका), बेंच प्रेस, रोइंग (वजन पोटाकडे ओढणं). जिमच्या पुढच्या खेपेला रोमानियन डेडलिफ्ट (कमरेतून वाकून बार उचलणं), लॅट पुलडाउन (वरचा दांडा छातीकडे ओढणं), हलक्या डंबेलने शोल्डर प्रेस. प्रत्येकी तीन सेट, आठ-आठ रेप्स (म्हणजे आठ-आठ वेळा), दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं थांबून. आणखी दोन रेप्स निघतील असं वाटत असतानाच सेट संपवा. एवढं पुरतं. जिम नसलेल्या सकाळी पावणेसातला उठा, जिमच्या आदल्या रात्री दहाला अंथरुणात. रात्रीचं जेवण डब्यातच नेऊन सातला उरकता आलं, तर हे जमतं.

बेंच 40 किलोपासून पुन्हा सुरू करा. आधी रिकाम्या बारने दहा, मग 30 किलोने पाच. कोपरं धडापासून काटकोनात फाकवू नका, साधारण 45 अंशांत ठेवा. खांद्याची पाती मागे आवळून बाकाला टेकवा. आता वजन का अडलं तेही पाहा. बऱ्याच जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की 50 चे थेट 55 होतात, एकदम दहा टक्के. सव्वा किलोच्या प्लेट मागून घ्या. त्या नसतील तर आठाचे दहा रेप्स तिन्ही सेटमध्ये होईपर्यंत वजनाला हात लावू नका.

दुखऱ्या खांद्याच्या कुशीवर झोपता येत नसेल किंवा हात बाजूने वर नेताना जोरच लागत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : वय 29, नेरूळ. दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी ज्वेल ऑफ नवी मुंबई या तलावकाठच्या बागेत पळते. तीन आठवड्यांत आठवड्याचं अंतर 9 वरून 24 किलोमीटरवर नेलं. आता नडगीच्या आतल्या कडेला दुखतं. मलम चोळून पळत राहू का?

उत्तर : थांबा आणि नडगीवरून बोट फिरवा. दुखरा भाग चार-पाच बोटं लांब पसरलेला असेल तर बहुधा तो अतिश्रमाचा नडगीदाह. एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढ्या ठिकाणी टोचल्यासारखं दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मग पळणं बंद आणि डॉक्टर. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये असा तडा पुष्कळदा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे साफ आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. पाळी चुकत असेल किंवा जेवण कमी केलं असेल तर तेही डॉक्टरांना जरूर सांगा. हाडं ठिसूळ होण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

साधा दाह असेल तर दोन आठवडे सायकल किंवा पोहणं. टाच उचलण्याचे तीन सेट, पंधरा-पंधरा, दिवसाआड. भरभर चालताना अजिबात दुखत नसेल तेव्हा एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं असं आठ वेळा, तेही दिवसाआड. आठवड्याचं अंतर 9 किलोमीटरपासून धरा आणि दर आठवड्याला एक-दीड किलोमीटरच वाढवा. शर्यत जवळ असेल तर ती सोडा. वाईट वाटेल, पण तडा गेला तर दीड-दोन महिने सहज जातात.

प्रश्न : रविवारी येऊरचा डोंगर चढून-उतरून आलो की सोमवारी काही नसतं, मंगळवारी मात्र जिना उतरवत नाही. असं का? त्या दिवशी व्यायाम करावा का? (वय 45, ठाणे)

उत्तर : हे उतारामुळे होतं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन तोलतात, त्यात त्यांना सूक्ष्म इजा होते. असं अंग धरणं 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असतं. मंगळवारी बैठका नकोत. तलावपाळीला वीस मिनिटं सावकाश चाला, हाताचे व्यायाम करा. दर रविवारी गेलात तर दोन-तीन खेपांनंतर त्रास बराच कमी होईल, महिन्यातून एकदा गेलात तर थोडाफार होतच राहील. मात्र मांड्या सुजल्या आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्नायू फार तुटले की त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडावर येतात.