चार खासगी महाविद्यालयांनी मिळून गरजू विद्यार्थ्यांसाठी निधी कसा उभारावा?

तुम्ही विचारलं आहे की, तालुक्यातल्या चार विनाअनुदानित महाविद्यालयांना फी न परवडणाऱ्या मुलांसाठी एकत्र देणग्या गोळा करायच्या आहेत. त्यासाठी नवा ट्रस्ट काढावा का, आणि जमलेला पैसा वाटायचा कसा?

नवा ट्रस्ट लगेच काढू नका. कंपन्यांचा सीएसआर निधी (सामाजिक कामासाठी कंपन्यांनी खर्च करायचा पैसा) घेणाऱ्या संस्थेकडे तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी आणि सीएसआर-१ क्रमांक (सीएसआर कामासाठी सरकारकडची नोंदणी) लागतो. नवा ट्रस्ट अनुभवाच्या अटीवरच अडतो. त्यापेक्षा चौघांपैकी एकीला प्रमुख संस्था नेमा. ती सगळ्यांत मोठी असायची गरज नाही. तिचे ऑडिट रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात वेळेवर गेलेले असावेत आणि विश्वस्तांचा चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) वादात अडकलेला नसावा. कंपनीचा माणूस आधी हीच कागदपत्रं मागतो. निधीसाठी वेगळं बँक खातं उघडा आणि उरलेल्या तिन्ही संस्थांना त्या खात्याचे फक्त पाहण्याचे हक्क द्या. दर महिन्याला हिशोब मागत बसण्यापेक्षा हे बरं, आणि संशयालाही जागा उरत नाही.

आता एक बाब, जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. प्रमुख संस्थेने बाकीच्या संस्थांना रक्कम देणगी म्हणून वळती केली, तर २०२३च्या वित्त कायद्यानुसार करसवलतीच्या हिशोबात तिच्यापैकी ८५ टक्केच खर्च म्हणून धरली जाते. म्हणून रक्कम संस्थेला देऊच नका. विद्यार्थ्याच्या नावाने मदत मंजूर करा आणि ती त्याच्या फीच्या खात्यावर भरा. मंजुरीपत्र, फीची पावती आणि विद्यार्थ्याची पोच असे तीन कागद प्रत्येक फाइलला हवेत. विश्वस्तांच्या नातेवाइकांना लाभ देऊ नका, त्याने करसवलत धोक्यात येते. या रचनेवर सीएचं लेखी मत घ्या. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने कलमांचे क्रमांकही बदलले आहेत; इथे १२ए, ८०जी हे जुने, ओळखीचे क्रमांकच वापरले आहेत.

अशा आघाड्या देणग्या न मिळाल्याने फुटतात त्याहून जास्त वाटपावरून फुटतात, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे पहिला रुपया येण्याआधी वाटपाचं सूत्र करारात लिहा. माझ्या मते ३०-५०-२० चांगलं चालतं. समजा २० लाख जमले. ३० टक्के, म्हणजे ६ लाख, चौघांत समान : प्रत्येकी दीड लाख. ५० टक्के, म्हणजे १० लाख, गरजू विद्यार्थ्यांच्या संख्येवर. चारही ठिकाणचे मिळून ४०० पात्र विद्यार्थी असतील आणि त्यांची विभागणी १६०, १२०, ८०, ४० अशी असेल, तर ४, ३, २ आणि १ लाख. उरलेले ४ लाख आकस्मिक मदतीसाठी सामाईक : वडील गेले, पीक बुडालं, अपघात झाला. या हिशोबात सगळ्यांत छोट्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी अडीच आणि मोठ्याच्या विद्यार्थ्यांसाठी साडेपाच लाख मिळतात. समान हिस्सा काढून टाकलात तर छोटं महाविद्यालय दुसऱ्या वर्षी बैठकीला येणार नाही. संख्येचा हिस्सा काढलात तर मोठं येणार नाही. पात्र विद्यार्थ्यांची यादी मात्र दुसऱ्या महाविद्यालयाच्या प्राध्यापकांकडून तपासून घ्या, नाहीतर आकडे फुगतात.

एखादा माजी विद्यार्थी म्हणेल, माझे पैसे माझ्याच कॉलेजला. त्याची इच्छा पाळावीच लागेल, पण ती रक्कम त्या कॉलेजच्या हिश्श्यातच धरायची, असं आधीच ठरवा. तसंच प्रत्येकाने आपल्या जुन्या देणगीदारांची राखीव यादी द्यावी; त्यांच्याकडे आघाडीने जायचं नाही. बाकी कंपन्यांकडे चौघांच्या वतीने एकच माणूस जाईल.

या पद्धतीचं मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. टस्कीगी इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांनी १९४३ साली पिट्सबर्ग कुरियरमध्ये लिहिलं की, कृष्णवर्णीयांच्या खासगी महाविद्यालयांनी वेगवेगळं मागत फिरण्याऐवजी एकत्र आवाहन करावं. १९४४ साली २७ महाविद्यालयांनी मिळून युनायटेड निग्रो कॉलेज फंड सुरू केला आणि पहिल्याच मोहिमेत साडेसात लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतमध्ये घराघरातून मूठमूठ धान्य जमवणारा मुष्टिफंड होता. लहान देणगीची ताकद कमी लेखू नका.

देणगीदाराला करसवलतीचं आमिष दाखवू नका. नवीन करप्रणाली निवडलेल्याला ८०जीची वजावट मिळत नाही, आणि नोकरदार माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आता त्याच प्रणालीत आहेत. जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही. पावतीवर नाव, पॅन आणि ‘विद्यार्थी साहाय्य निधी’ हा हेतू लिहा. देणगीदारांचं विवरण प्राप्तिकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरायचं असतं, उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं. प्रवेशाच्या काळात प्रवेश मागणाऱ्या पालकांकडून एक रुपयाही घेऊ नका. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी (प्रवेशाच्या बदल्यात घेतलेला पैसा) बंदीचा कायदा १९८७पासून आहे.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांबाबत पासपोर्ट पाहा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे परकीय निधी ठरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्याचे ठरतात. त्यासाठी एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. शिवाय २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही. म्हणून परकीय निधी या सामाईक खात्यात मिसळू नका.

खर्च ठरवताना महाडीबीटीच्या (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या) योजना आधी पाहा. २०२४-२५पासून पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण फीमाफी आहे. तिथे तुमचा पैसा नको. मुलं अडतात ती मेस, एसटी पास, परीक्षा फॉर्म आणि उशिरा येणारी शिष्यवृत्ती इथे. आकस्मिक निधीतला एक भाग फिरता ठेवा : शिष्यवृत्ती येईपर्यंत उचल, आली की परत. परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या तारखेआधी दहा दिवस मंजुरी समितीची बैठक ठेवली, तर विलंब शुल्क वाचतं.